अंगावर पांढरं नको

८ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. जबाबदारी वाढली आहे, नोंद हवी.

नगर कार्यालयाने ‘कुटुंबासह सुरक्षित शिकार’ असा वर्ग काढलाय आणि शिकारी मंडळाने सुरक्षा-शिक्षक म्हणून माझं नाव दिलं. मंडळाचा अध्यक्ष हियामा म्हणाला, तोकुजी-सान, सगळ्यांत मोकळे तुम्हीच आहात. ‘अनुभवी’ म्हणायचं असेल, शब्द सापडला नसेल. आमच्या तोचिदानी गावात आता माणसांपेक्षा रानडुकरं जास्त. जुन्या शिकाऱ्यांनी एकेक करून अंथरूण धरलं. नवे तयार केले नाहीत तर उद्या नगर कार्यालयसुद्धा डुकरंच चालवतील.

पहिल्या वर्गाला दोन कुटुंबं. एक चहा पिऊन गेलं, त्यांना अळंबी गोळा करायचा वर्ग हवा होता. उरलं ते ओसाकाहून इथे येऊन राहिलेलं. डुकरांनी त्यांचं रताळ्यांचं अख्खं शेत उकरलं म्हणून आलेत. नवरा योहेई, बायको होनामी-सान आणि पहिलीतली सुझु. मी तासभर नवऱ्याला बंदूक समजावली. शेवटी कळलं की परवाना बायकोचा आहे. नवऱ्याला रक्त बघितलं की घेरी येते, तो फक्त शिजवणार.

नियम पाठ करून घेतले. नारिंगी जाकीट अंगावरून उतरवायचं नाही. हाका चालू असताना, म्हणजे हाकारे जनावर उठवत असताना, आपला ठिय्या सोडायचा नाही. बंदूक हातावेगळी करायची नाही. अंगावर पांढरं काही नको, गळ्यात टॉवेलसुद्धा नको, कारण हरणाचं ढुंगण पांढरं असतं. आणि सगळ्यांत मोठा नियम: डोकं दिसेपर्यंत चापाला बोट नाही. झुडूप हललं म्हणून बार टाकणारा शिकारी नव्हे, खुनी. ‘ढुंगण’ म्हटल्यावर सुझु इतकी हसली की नियम सगळ्यांत आधी तिचेच पाठ झाले. शिकवण्याची हातोटी लागते.

घरी आलो तर बंदुकीच्या कपाटाला किल्ली तशीच लटकलेली. बायको, सेत्सु, म्हणाली, अहो सुरक्षा-शिक्षक, हे काय? मी सांगितलं, उद्या वर्गात ‘काय करू नये’ ते दाखवायचंय, त्याची तालीम. तिने किल्ली काढून माझ्या हातात दिली. पटलं असावं.

११ नोव्हेंबर

यंदा धुकं लवकर आलंय. भर दुपारीसुद्धा उजवीकडच्या देवदारांवर पांढरा पडदा. हियामाला म्हटलं, काय हे धुकं! तो म्हणाला, कुठेय? वयाने लहान आहे माझ्याहून, पण लक्ष कमी.

सीझन सुरू होण्याआधी माशाचं पुडकं काढून पाहिलं. वाळवलेला ओकोझे, समुद्रातला सगळ्यांत भेसूर मासा. आमची डोंगराची देवी दिसायला यथातथाच, आणि स्वभावाने जळकुटी. तिच्याहून कुरूप काही दाखवलं की खूष होते आणि शिकार देते. पण आमचे पूर्वज हुशार. मासा दाखवायचा नाही, नुसता दाखवतो म्हणायचं. कागदात गुंडाळून न्यायचा. शिकार मिळाली की म्हणायचं, आई, पुढच्या खेपेला नक्की, आणि वरून आणखी एक पांढरा कागद गुंडाळायचा. बाबांनी मला दिला तेव्हा पुडकं मुठीएवढं होतं, आता कोबीएवढं झालंय. एवढी वर्षं देवीला झुलवत ठेवणं सोपं नाही.

१५ नोव्हेंबर

सीझनचा पहिला दिवस. होनामी-सान फक्त बघायला सोबत. डुक्कर समोरून आलं, चांगलं भरलेलं. मी बार टाकला. देवदाराला लागला.

कारण सांगतो, इथे लपवायचं कोणापासून. ऐन वेळी उजवीकडे एक बाई उभी होती. पांढऱ्या कपड्यांत. तोंड दिसत नव्हतं. वळून नीट बघायला गेलो तर तीही तेवढीच सरकली.

होनामी-सानला म्हटलं, मुद्दाम चुकवलं, डुकरीण होती, पोटुशी. ती म्हणाली, गुरुजी, सुळे होते त्याला. शहरातल्या लोकांना सुळे फार दिसतात.

१७ नोव्हेंबर

ती पुन्हा. टीव्हीवर सुमो चालू होतं, पंचाच्या शेजारी उभी. नेहमी उजवीकडे. डावीकडे कधीच नाही.

सेत्सुला आडून विचारलं, घरात कोणी आल्यासारखं वाटतं का? म्हणाली, कोण येतंय आपल्याकडे, मतं मागणारेसुद्धा यायचे थांबले. मग म्हणाली, अहो, डोळे दाखवून या ना एकदा, केव्हाची सांगतेय. बायकांना प्रत्येक गोष्टीवर डॉक्टर सुचतो.

मला माहितेय ती कोण आहे. बाई माणूस बंदूक घेऊन डोंगरात शिरलं म्हणून देवीच्या पोटात दुखतंय. सेत्सुला एवढंच सांगितलं. ती मुळा किसता किसता म्हणाली, देवी बाईच ना? बाई आली म्हणून बाई कशाला चिडेल, चिडली असेल तर तुमच्यावरच.

बाथरूमचा दिवा चालू ठेवूनच अंघोळ केली. ओल्या फरशीवर घसरायला नको म्हणून. सुरक्षा.

२३ नोव्हेंबर

पिंजऱ्याचा वर्ग. अख्खं कुटुंब आलं, योहेईने भाताचे गोळे करून आणले होते. लांबूनच मी हात करून सगळ्यांना थांबवलं. पिंजऱ्यात डुक्कर, बसलेलं, चांगलं दांडगं. कुजबुजत समजावलं, शांत बसलेलं डुक्कर जास्त धोक्याचं, धडक मारायची तयारी करत असतं. होनामी-सान मुलीला पाठीशी घेऊन उभी राहिली. मी बांबू पुढे धरून पाऊल पाऊल गेलो.

मागून सुझु म्हणाली, गुरुजी, ते पोतं आहे.

कोंड्याचं पोतं होतं. आमिष म्हणून कालच मी ठेवलेलं. कोणी हसलं नाही, चांगल्या वळणाची माणसं. मी म्हणालो, शाब्बास सुझु, हीच तर परीक्षा होती. परत येताना होनामी-सानने हळूच विचारलं, गुरुजी, त्या वळणावरची पाटी वाचता येते का तुम्हाला? म्हटलं, चाळीस वर्षं तिथेच आहे, वाचायची कशाला, पाठ आहे.

संध्याकाळी हियामाचा फोन. म्हणाला, डोळे तपासून या, पुढच्या हाक्याआधी आलात तर बरं. हे माझ्या कानावर कोणी घातलं विचारू नका. विचारलं नाही. हाका चौदाला आहे. दवाखान्यात गर्दी असते. नवीन वर्षात जाईन. डोळे कमी म्हणून एकदा लिहून आलं की बंदूक गेली, आणि बंदूक गेली की मी कोण? मोकळा म्हातारा.

१ डिसेंबर

संकल्प: भ्यायचं नाही.

२ डिसेंबर

पत्रपेटीपाशी ती उभी होती. पत्रं न घेताच आत आलो. संध्याकाळी सेत्सुने आणली, भिजून लगदा झालेला.

१२ डिसेंबर

आज देवीचा दिवस. आज ती डोंगरातली झाडं मोजते, आणि जो माणूस आत सापडेल त्यालाही झाड म्हणून मोजून टाकते. कोणी शिकारी डोंगरात पाय ठेवत नाही. मंडळाच्या खोलीत साके आणि डुकराचं कालवण. होनामी-सानही होती. तिने सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, छान आहे हे, म्हणजे निदान एक दिवस सगळे सुरक्षित. मंडळी तिच्यावर खूष. हियामा म्हणाला, गुरुजींची शिष्या आहे, एकही नियम चुकत नाही. मान ताठ झाली माझी.

पण साके पिताना ती पांढरी बाई हियामाच्या उजव्या खांद्यापाशी उभी होती. भरल्या खोलीत. आता खोटं कशाला लिहू, मला भीती वाटते. जेवण जात नाही. कोणाला सांगावं तर पुढचा प्रश्न डोळ्यांचाच येणार.

ठरलं. नवस फेडायचा. परवा हाक्याच्या वेळी डोंगरात जाऊन मासा तिला प्रत्यक्ष दाखवायचा. झुलवाझुलवी बंद.

१४ डिसेंबर

काय दिवस गेला! सविस्तर लिहितो.

सकाळी कडक दंव. हाकारे आणि कुत्री खालून ओढ्याकडून. मधल्या उतारावर होनामी-सान, तिचा पहिला स्वतंत्र ठिय्या. वरच्या खिंडीत मी. पलीकडे हियामा. निघताना सगळ्यांकडून नियम म्हणून घेतले. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटले.

हाका सुरू झाला आणि ती दिसली. माझ्या ठिय्याच्या खाली उजवीकडे बांबूचं बेट आहे, त्याच्या तोंडाशी. मी समजलो. बोलावतेय.

आता ठिय्या सोडायचा नाही हे खरं, पण ते नवशिक्यांसाठी. बंदूक फांदीला टांगली, कारण देवीपुढे हत्यार नेत नाहीत. नारिंगी जाकीटही काढून ठेवलं. नगर कार्यालयाचा शिक्का मारलेलं भडक प्लॅस्टिक घालून कोणी देवासमोर जातं का? टोपीही काढली. आत सेत्सुने विणलेला तपकिरी स्वेटर होता, तो शोभून दिसतो. बांबूत शिरलो आणि वाकून बसलो.

मग पुडकं सोडायला घेतलं. एकेक कागद. वरचे पांढरेशुभ्र. एक काढला, बाजूच्या काटकीला अडकवला, दुसरा काढला. वारा होता, फडफडत होते. आतले पिवळे पडलेले, अगदी आतले बाबांच्या हातचे, त्यांच्या घड्या ओळखीच्या. डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांत आत मासा नव्हताच. भुगा, दोन काटे आणि जबड्याचा एक तुकडा. किड्यांनी केव्हाच खाल्ला होता. मी इतकी वर्षं भुग्याला कागद गुंडाळत होतो.

तरी तळहातावर घेऊन वर धरला. म्हटलं, आई, हे बघ, जे आहे ते हे. फिट्टंफाट.

आणि तेव्हा जे झालं ते लिहिताना अजून काटा येतो. कोणीतरी माझ्याकडे बघत होतं. पाठीवर, मानेखाली, एकाच जागी नजर रोखून. मी मान वर केली, हळूच जराशी वळवली, तशी ती नजर हटली. देवीच. दुसरं कोण! मासा स्वीकारला तिने.

ठिय्यावर परत येऊन जाकीट घातलं. कोणाला पत्ता नाही. एक अक्षर कोणाला सांगितलं नाही.

शिकार मात्र काही नाही. कारण संध्याकाळच्या बैठकीत कळलं. होनामी-सानने हरीण सोडलं! पांढरं ढुंगण दिसलं म्हणे, तपकिरी पाठ दिसली, नेम धरला, चापाला बोट लावलं आणि बंदूक खाली केली. का, विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, नव्हतं ते. काय नव्हतं? मग मी बोललो. शिक्षक म्हणून बोलावंच लागतं. म्हटलं, सुरक्षा वेगळी आणि भित्रेपणा वेगळा. एवढी सोपी शिकार हातची घालवायची तर बंदुकीपेक्षा झाडू बरा. पंचवीस माणसांसमोर म्हणालो. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली, चेहरा कागदासारखा. मग वाकून म्हणाली, चुकलं, गुरुजी. योहेई मध्येच उठून बाहेर गेला.

जरा कडक झालं असेल. पण शिष्य घडतात ते असेच.

१७ डिसेंबर

आज वर्गाला कोणी नाही. योहेईला फोन केला. तुटक बोलला. होनामीला झोप नाही, जेवायच्या काड्या हातात धरवत नाहीत. बंदूक विकायची म्हणतेय, ओसाकाला परत जाऊ म्हणतेय. शेताचं काय, विचारलं, तर म्हणाला, तिचं काय, ते विचारा.

मला लगेच उमगलं. देवी माझ्यावरून उठून तिच्यावर बसली. बिचारी. अनुभवी माणसाने धीर द्यायला हवा. मीठ घेतलं, तांदूळ घेतले, गेलो.

तिने दार उघडलं आणि मला बघून आधी भिंतीला हात टेकला. मग चहा केला. मी म्हटलं, पोरी, डोंगरात दिसतात असल्या गोष्टी, मलाही दिसतात. कुठे दिसलं तुला? ती म्हणाली, खिंडीखालच्या बांबूच्या बेटात. म्हटलं, शक्यच नाही, तिथे हरीण कसं असेल, तिथे तर

१८ डिसेंबर

काल पान अर्धवट राहिलं. पेनातली शाई संपली.

बांबूची बेटं पुष्कळ आहेत.

शिवाय हरीण माझ्या आधी येऊन गेलेलं असू शकतं. किंवा नंतर. हरणांना वेळकाळ नसतो.

सेत्सु म्हणाली, जेवत का नाही? म्हटलं, पोट बिघडलंय.

१९ डिसेंबर

जाऊन बघून आलो, सोक्षमोक्ष लावायला. बेटात हरणाच्या खुरांचा एकही ठसा नाही. हरीण दंवावरून हलकं चालतं, असं लिहिणार होतो. बुटांचे ठसे मात्र आहेत, माझे. बसलो तिथली पानं दबलेली आहेत.

मग खाली होनामी-सानच्या ठिय्यावर गेलो. तिथे उभा राहिलो आणि वर बघितलं. उजवा डोळा हाताने झाकून, कारण आता त्याचं काय ते मलाही कळतं. बांबूत पांढरं काहीतरी उडालं. माझे हात आपोआप वर आले, बंदूक नसलेले हात, बोट वाकलेलं. क्षणभर मी हरीणच बघितलं. पन्नास वर्षं शिकार केलेल्या मी.

कागद होते. काटकीला अडकवलेले, फडफडत होते.

तिथेच खाली बसलो. इथून तिथवर अंतर काहीच नाही. माझी शिष्या इतक्या अंतरावर चुकत नाही.

२० डिसेंबर

सकाळीच गेलो तिच्याकडे. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं. दारात सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, होनामी-सान, तो मी होतो.

ती म्हणाली, माहितेय.

म्हणाली, आधी पांढरं दिसलं, गुरुजी, मग पाठ. चापाला बोट लावलं, तोच माझा गुन्हा, तुम्ही शिकवलं होतंत की डोकं दिसेपर्यंत लावायचं नाही. पण बोट आवळण्याआधी तुमचेच शब्द आठवले, म्हणून थांबले. डोकं वर आलं. ते तुमचं होतं. तुम्ही रडत होता.

मी विचारलं, मग त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर एवढं बोललो, तेव्हा का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही काय बोलत होता ते मला ऐकूच आलं नाही. मी फक्त तुमचं तोंड हलताना बघत होते. हलतंय, म्हणजे जिवंत आहेत, एवढंच मनात चालू होतं. झोपायला गेले की तोंड हलायचं थांबतं.

यावर माझ्याकडे एकही सबब नव्हती. शोधलीसुद्धा नाही. जमिनीला कपाळ टेकलं. ती म्हणाली, उठा ना, गुडघे दुखतील तुमचे.

तिथून सरळ हियामाकडे. त्याला जाकिटापासून सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, बंदूक आणा. दुपारी बंदुकीच्या दुकानात जमा केली. दुकानदार म्हणाला, वा, काय निगा ठेवलीय! बाहेर येऊन रडलो.

सेत्सुने गरम चहा पुढे ठेवला. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, एवढं म्हणाली.

२१ डिसेंबर

डॉक्टर, पोरगेलासा, बॅटरी मारून दोन मिनिटांत म्हणाला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगला पिकलेला, इतके दिवस काय करत होतात? फेब्रुवारीत ऑपरेशन. म्हणजे देवीला नाव मिळालं. हायसं वाटायला हवं होतं. त्या बाईची भीती गेली खरी. तिच्या जागी आता दुसरं दिसतं, डोळे मिटले तरी. खालून, होनामीच्या जागेवरून. बांबूत वाकून बसलेला तपकिरी स्वेटरातला म्हातारा, आणि त्याला काही पत्ता नाही.

१९ जानेवारी

नवा वर्ग. या खेपेला पाच कुटुंबं, पोराबाळांसकट. होनामी-सान शिकवणार. मंडळाने विचारलं तेव्हा आधी नाही म्हणाली होती, मग म्हणाली, गुरुजी शेजारी बसले तर शिकवीन. म्हणून मी खुर्चीवर, नारिंगी जाकिटात. काम: काही नाही.

जाकीट, ठिय्या, बंदूक, पांढरं, सगळं तिने माझ्यापेक्षा नीट सांगितलं. शेवटच्या नियमाला थांबली. पाणी प्यायली. मग म्हणाली, झुडपात काही हललं की हरीण आहे का, डुक्कर आहे का, असं विचारायचंच नाही. आधी धरून चालायचं की ते आपले गुरुजी आहेत. गुरुजी नाहीत अशी खात्री पटली, तरच पुढचं.

आणि माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. पोरं तर लोळायची बाकी राहिली. मीही हसलो.

होनामी-सान हसली नाही.